यानाच्या कातडीची तपासणी

११ डिसेंबर २०२२ रोजी ‘ओरायन’ हे यान चंद्राकडची फेरी संपवून प्रशांत महासागरात उतरले. आत माणूस नव्हता. माणसे बसवण्यापूर्वी सगळे एकदा पारखून घ्यायचे, यासाठीच ‘आर्टेमिस-१’ ही मोहीम होती. पॅराशूट वेळेवर उघडले, यानाच्या आतले तापमान माणसाला सोसेल असेच राहिले. नंतर तळाची ढाल तपासायला घेतली, तेव्हा मात्र जळालेल्या थराचे लहानमोठे तुकडे शंभराहून अधिक ठिकाणी निघून गेलेले दिसले. ‘ॲव्हकोट’ नावाचा हा थर जळण्यासाठीच असतो. वातावरणात शिरताना तो हळूहळू कोळसा होतो, झिजतो आणि उष्णता स्वतःबरोबर घेऊन जातो. पण त्याने पापुद्र्यापापुद्र्याने झिजायला हवे. तुकडे पडून खळगे होणे अपेक्षित नव्हते.

कारण सापडायला जवळजवळ दोन वर्षे गेली. ढालीतून सुमारे २०० नमुने काढून तपासले गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये नासाने निष्कर्ष जाहीर केला. ओरायन परतताना वातावरणात एकदम खोल शिरले नव्हते. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड टप्पा घेत जातो, तसे ते एकदा आत शिरले, थोडे वर उचलले गेले आणि पुन्हा आत शिरले. या दोन बुड्यांच्या मधल्या वेळात बाहेरची उष्णता कमी होती. त्यामुळे वरचा थर पुरेसा जळून सच्छिद्र होईना. आत मात्र वायू तयार होतच राहिले. त्यांना वाट मिळाली नाही, दाब वाढला, तडे गेले आणि तुकडे उडाले. विशेष म्हणजे उड्डाणापूर्वी जमिनीवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत उष्णतेचा मारा प्रत्यक्षापेक्षा जास्त ठेवला होता. त्या आचेत वरचा थर झटकन सच्छिद्र होई आणि वायू निघून जाई. म्हणजे परीक्षा प्रत्यक्षापेक्षा कठोर होती आणि नेमका त्यामुळेच दोष लपला.

औषधांच्या जगात हा प्रकार ओळखीचा आहे. गोळीची मुदत किती ठरवायची, हे पाहण्यासाठी ती ४० अंश सेल्सिअस तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवतात. एवढ्यात टिकली तर साध्या कपाटात जास्त काळ टिकेल, असा अंदाज बांधता येतो. पण तेवढ्यावर भागत नाही. भारतासारख्या उष्ण-दमट देशांसाठी ३० अंश तापमानात, खऱ्या वेळेत चाललेली लांब चाचणीही लागते. कारण भट्टीत होणारा बिघाड आणि कपाटात सावकाश होणारा बिघाड एकाच जातीचे असतील, असे नाही. अवकाशयानांवरच्या रंगांचा, मुलाम्यांचा आणि आवरणांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यात हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत भेटते. भारत आता गगनयानातून माणूस पाठवण्याच्या तयारीत आहे, २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारणार आहे. तेव्हा हा इतिहास आपल्याही कामाचा आहे.

अवकाशात हवा नाही, पाऊस नाही, खारे वारे नाहीत. मग तिथे रंगाला काय धाड भरणार, असे कोणालाही वाटेल. कोकणातल्या घराच्या लोखंडी जाळीपेक्षा तिथली वस्तू सुखात असायला हवी. प्रत्यक्षात पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर, जिथे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरते, तिथे अतिविरळ का होईना, वातावरण आहे, आणि त्यात मोठा वाटा ऑक्सिजनचा आहे. हा आपल्या ओळखीचा ऑक्सिजन नव्हे. सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथल्या ऑक्सिजनच्या रेणूंचे तुकडे होतात आणि सुटे अणू उरतात. एकटा पडलेला हा अणू कशाशीही संयोग पावायला उतावीळ असतो. त्यातच यानाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त. त्यामुळे यानाच्या पुढच्या बाजूवर या अणूंचा अखंड मारा होत राहतो. कार्बन असलेले जे काही असेल, प्लास्टिक असो, रंगातला चिकट द्रव असो की चिवट कापड असो, त्याचा वायू होऊन ते निघून जाते. चांदी काळी पडून तिचे पोपडे सुटतात. रुग्णालयात प्राण वाचवणारा वायू मात्रा चुकली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे अधू करतो, हे डॉक्टरांना माहीत असते. त्याचा हा आणखी एक उग्र अवतार.

या झिजेचे माप हाताशी आहे. याने गुंडाळायला वापरतात ती ‘कॅप्टन’ नावाची सोनेरी-नारिंगी फिल्म. तिचे उघडे नमुने स्थानकाबाहेर सुमारे चार वर्षे ठेवले, तेव्हा जवळजवळ पाव मिलिमीटर द्रव्य उडून गेले. ऐकायला पाव मिलिमीटर किरकोळ वाटते. पण यानावरच्या अशा फिल्मची जाडी पुष्कळदा त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे केसाहूनही कमी असते. संरक्षण नसेल तर ती वर्षभरही टिकणार नाही. म्हणून तिच्यावर सिलिकॉनच्या ऑक्साइडचा किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा चढवतात. स्थानकाच्या मूळ सौर पंखांच्या फिल्मवर हा थर केसाच्या जाडीच्या साधारण पाचशेव्या भागाएवढा आहे.

याचे गांभीर्य प्रथम ध्यानात आले ते स्पेस शटलच्या सुरुवातीच्या उड्डाणांनंतर. परत आलेल्या यानांवरच्या फिल्मची चकाकी गेलेली दिसली. पण सगळ्यात मोठा धडा मिळाला तो एका अपघाती उशिरामुळे. एप्रिल १९८४ मध्ये ‘चॅलेंजर’ शटलने बसएवढ्या आकाराचा, बारा बाजूंचा एक सांगाडा कक्षेत सोडला. त्याचे लघुनाव ‘एलडीईएफ’. त्यावर ५७ प्रयोग होते आणि दहा हजारांवर नमुने: रंग, धातू, काचा, प्लास्टिके, कापडे. शाळांना वाटायला टोमॅटोच्या सव्वा कोटी बिया होत्या. साधारण वर्षभराने तो परत आणायचा बेत होता. वेळापत्रक लांबले, मग जानेवारी १९८६ मध्ये खुद्द चॅलेंजरच सात जणांसह नष्ट झाले आणि शटलची उड्डाणे थांबली. अखेर जानेवारी १९९० मध्ये ‘कोलंबिया’ने यांत्रिक हाताने तो सांगाडा पकडला. तोवर पावणेसहा वर्षे आणि बत्तीस हजारांहून अधिक प्रदक्षिणा झाल्या होत्या. आणखी काही आठवडे गेले असते, तर तो खाली येऊन वातावरणात जळून गेला असता.

या सांगाड्याची एक खुबी होती. त्याची एकच बाजू सतत पुढे राहील आणि तिच्या विरुद्ध बाजू सतत मागे, अशी रचना होती. त्यामुळे एकाच डब्यातल्या रंगाचे दोन वेगळे भवितव्य पाहायला मिळाले. पॉलियुरेथेनचा एक पांढरा रंग दोन्ही बाजूंना दिलेला होता. मागच्या बाजूला, जिथे ऑक्सिजनचा मारा जवळपास नव्हता, तिथे तो अतिनील किरणांनी भाजून तपकिरी झाला. पुढच्या बाजूला तो पांढराच राहिला. वरवर पाहणारा म्हणेल, पुढचा रंग चांगला टिकला. पण बोट लावले तर खडूसारखी भुकटी निघेल, अशी त्याची अवस्था होती. ऑक्सिजनने रंगातला बांधणारा द्रव खाऊन टाकला होता. त्याच्याबरोबर तपकिरी झालेला थरही खरवडून नेला होता. उरली होती ती नुसती पांढरी पूड. गोरा चेहरा म्हणजे निरोगी माणूस नव्हे, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण रंगाच्या बाबतीत ते कळायला तो सांगाडा परत यावा लागला.

त्याच सांगाड्यावर आणखी एक पांढरा रंग होता. त्यात जस्ताचे ऑक्साइड होते आणि बांधणीला पोटॅशियम सिलिकेट, म्हणजे कार्बनचा संबंधच नाही. तो दोन्ही बाजूंना उत्तम राहिला. पुढे आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या उष्णता फेकणाऱ्या पंखांवर हाच रंग दिला गेला. या पंखांवर माणसांचे जगणे अवलंबून आहे. अवकाशात वारा नाही. आतल्या माणसांच्या शरीरांची आणि यंत्रांची सगळी उष्णता शेवटी प्रारणानेच बाहेर टाकावी लागते. हा रंग नवा असताना उन्हाचा जेमतेम १५ टक्के भाग शोषतो आणि स्वतःची उष्णता मात्र भरभरून बाहेर टाकतो. तोच तपकिरी झाला तर उलट ऊन पिऊ लागेल आणि आतली सगळी शीतव्यवस्था दमेल. तिथे रंगाचे काम घामाचे आहे.

संरक्षण जास्त दिले म्हणजे वस्तू जास्त टिकते, हाही समज अवकाशात खोटा ठरलेला आहे. स्थानकावरचा सौर पंखांचा पहिला मोठा संच डिसेंबर २००० मध्ये बसवला. त्या पंखांच्या घडीच्या पेटीवर कॅप्टनचे आवरण होते आणि त्याला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा मुलामा होता. वर्षभरातच ते आवरण फाटून लोंबू लागले. झाले होते असे: बाहेरच्या मुलाम्यात कुठेकुठे सुईच्या टोकाहून बारीक छिद्रे राहून गेली होती. तशी ती राहतातच. त्यांतून ऑक्सिजनचे अणू आत शिरले. मागे मुलामा नसता तर बरेचसे अणू फिल्म भेदून पलीकडे निघून गेले असते. इथे ते दोन धातूंच्या मध्ये कोंडले गेले, आपटत राहिले आणि मधले सगळे प्लास्टिक खाऊन मोकळे झाले. उरला धातूचा नुसता पापुद्रा. जखमेचे तोंड शिवून आत पू कोंडावा, तसा हा प्रकार होता.

हबल दुर्बिणीची कथा वेगळी. ती उंच कक्षेत असल्याने तिथे ऑक्सिजन कमी. तिच्या अंगावर चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा असलेली टेफ्लॉनची बाहेरची चादर आहे. एप्रिल १९९० मध्ये ती कक्षेत गेली. फेब्रुवारी १९९७ मध्ये दुरुस्तीला गेलेल्या अंतराळवीरांना चादरीला ठिकठिकाणी लांब चिरा पडलेल्या दिसल्या. कुठे कडा वळून गुंडाळ्या झाल्या होत्या. त्यांनी ठिगळे लावली आणि एक तुकडा तपासणीसाठी बरोबर आणला. गच्चीवर ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन एक दिवस पाय मोडते, तसे टेफ्लॉन ठिसूळ झाले होते. पण नुसते ऊन दोषी नव्हते. सूर्याकडून येणारी प्रारणे, भारित कणांचा मारा आणि तापमानाची सततची चढउतार या सगळ्यांचा एकत्र परिणाम होता. पृथ्वीजवळच्या कक्षेत दर दीड तासाने दिवस-रात्र होते. उन्हातला पृष्ठभाग शंभर अंशांच्या पुढे, सावलीतला उणे शंभराच्या खाली, आणि हे वर्षाला सुमारे ५,८०० वेळा. प्रयोगशाळेत यांतले एकेक कारण तपासता येते. सगळी एकदम, योग्य प्रमाणात आणि सात वर्षे लावून धरणे अवघड असते. नव्या चादरी अंतिमतः २००९ च्या शेवटच्या दुरुस्ती मोहिमेत पक्क्या बसल्या.

पृष्ठभागाकडे दुर्लक्ष केल्याची सगळ्यात मोठी किंमत १ फेब्रुवारी २००३ रोजी मोजावी लागली. एलडीईएफ सुखरूप आणणारे तेच कोलंबिया शटल कल्पना चावला आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांसह परतीच्या वाटेवर तुटले. उड्डाणावेळी सुटलेल्या फोमच्या तुकड्याने डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवरची कार्बनची ढाल फुटली होती. यान कक्षेत असतानाच पंखाची छायाचित्रे घ्यावीत, ही काही अभियंत्यांची मागणी वर पोचून अमलात आली नाही. त्यानंतरच्या शटल उड्डाणांत कक्षेत ढाल तपासणे हा शिरस्ता झाला. चीनने नोव्हेंबर २०२५ मध्ये जे केले, ते या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहे. ‘शेनझोऊ-२०’ यानाच्या खिडकीच्या काचेत बारीक तडे आढळले. अवकाशातला कचरा आदळून ते पडले असावेत, असा कयास होता. ठरलेले परतणे पुढे ढकलले गेले आणि तिन्ही अंतराळवीरांना दुसऱ्या यानातून, ‘शेनझोऊ-२१’मधून, १४ नोव्हेंबरला उतरवण्यात आले. स्थानकावर राहिलेल्यांसाठी मग एक रिकामे यान पाठवावे लागले. खर्च झाला, फजितीही झाली असे कोणी म्हणेल. पण संशयित यानात माणसे न बसवणे हा निर्णय निर्विवाद योग्य होता.

पृष्ठभागाचा बिघाड थेट हातापर्यंतही येतो. ऑगस्ट २००७ मध्ये स्थानकाबाहेर काम करणाऱ्या रिक मास्ट्राकियो यांना आपल्या डाव्या हातमोज्याच्या अंगठ्यावर चीर दिसली. ती बाहेरून दुसऱ्या थरापर्यंत गेली होती. हवा गळत नव्हती, तरी त्यांना काम अर्धवट सोडून आत यायला सांगितले गेले. स्थानकाच्या धातूच्या कठड्यांवर सूक्ष्म उल्का आणि कचऱ्याचे कण आदळून खळगे पडतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या वर येतात. हातमोजे फाटण्यामागे त्यांच्यावर संशय घेतला गेला. तेव्हापासून बाहेर असलेल्या अंतराळवीराने ठरावीक वेळाने आपले हातमोजे न्याहाळायचे, हा नियम पक्का आहे.

या सगळ्या उदाहरणांत एक समान धागा आहे. खरे कारण कळले ते वस्तू हातात आल्यावर किंवा निदान जवळून पाहिल्यावर. एलडीईएफनंतर नासाने हे काम रीतसर चालू केले. ‘मिस्सी’ या नावाने सुटकेसएवढ्या पेट्या २००१ पासून स्थानकाबाहेर लावल्या जातात आणि नमुने परत आणले जातात. पहिल्या पेट्या वर्षभरासाठी होत्या. कोलंबियाच्या दुर्घटनेमुळे त्या २००५ पर्यंत बाहेरच राहिल्या. कॅप्टनचे पाव मिलिमीटरचे माप त्यांच्यातूनच आले. त्यांतल्या ४१ नमुन्यांच्या एका प्रयोगात क्लीव्हलंडच्या एका शाळेतल्या मुलींनी नासाच्या शास्त्रज्ञांबरोबर काम केले होते. इतके मूलभूत काम आणि ते करायला शाळेच्या मुली पुरतात! वजनकाटा अचूक हवा आणि नोंद चोख हवी.

भारताकडे यातला काही अनुभव आहे. जानेवारी २००७ मध्ये इस्रोने ‘एसआरई-१’ ही कुपी बारा दिवस कक्षेत ठेवून बंगालच्या उपसागरातून परत मिळवली. तिच्या अंगावर सिलिकाच्या उष्णतारोधक फरशा होत्या. डिसेंबर २०१४ मध्ये ‘केअर’ या मोठ्या कुपीची चाचणी झाली. ती कक्षेत गेली नव्हती, पण वातावरणातून खाली येताना ढालीची परीक्षा झाली. गगनयानाची पहिली माणसांची फेरी तीन दिवसांची ठरलेली आहे. एवढ्या अवधीत ऑक्सिजनच्या झिजेची चिंता नाही. तिथे परतीच्या ढालीचा प्रश्न मोठा. ओरायनचा धडा त्या ढालीला लागू आहे: जास्तीत जास्त उष्णतेत ती टिकते का, एवढेच न पाहता मंद आचेच्या वाटेवरही ती कशी वागते, हे तपासायला हवे. आणि माणसाविना जाऊन आलेल्या प्रत्येक कुपीची ढाल कापून पाहायला हवी, ती वरून कितीही सुरेख दिसली तरी. नासानेही आर्टेमिस-२ साठी ढाल न बदलता परतीची वाट बदलायचे ठरवले, ते अशा कापून केलेल्या तपासणीच्या बळावर.

स्थानकाचा प्रश्न लांबचा आहे. ते अनेक वर्षे त्याच ऑक्सिजनमधून फिरणार. इस्रो आज पीएसएलव्हीचा चौथा टप्पा ‘पोएम’ या नावाने छोट्या प्रयोगांचा मंच म्हणून वापरते. कल्पना काटकसरीची आणि हुशारीची आहे. डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात तर त्यावर चवळीचे बी रुजले. रंगांचे नमुनेही अशा मंचावर ठेवता येतात. किती द्रव्य झिजले, हे स्फटिकाच्या कंपनांवरून मोजून आकडा खाली पाठवता येतो. पण मंच परत येत नाही, तो वातावरणात जळून जातो. आकडा कळतो, पूड झालेला पांढरा रंग, बारीक छिद्राखाली पोखरलेले प्लास्टिक दिसत नाही.

स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवायचा आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, असे नियोजन आहे. या दोन तारखांमधली सात वर्षे फार मोलाची आहेत. पहिल्या भागाच्या बाहेर, पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंना, नमुन्यांची ताटे लावायची सोय सुरुवातीपासून केली, तर पुढच्या भागांचे रंग निवडायच्या आधी दोन-तीन वर्षे झिजलेले नमुने कोणा अंतराळवीराबरोबर खाली येऊ शकतील. त्यात एक मेख आहे. सूर्याची सक्रियता वाढली की वातावरण फुगते आणि त्या उंचीवर ऑक्सिजनचे अणू वाढतात. सध्याच्या सौरचक्राचा कमाल काळ २०२४ मध्ये आला. अकरा वर्षांचे चक्र धरले तर पुढचा २०३५ च्या आसपास येईल, म्हणजे नेमका स्थानक पूर्ण होण्याच्या सुमारास. मधल्या शांत वर्षांत मिळालेला झिजेचा आकडा जसाच्या तसा पुढे वापरला तर तो कमी भरेल.

ताट बाहेर लावताना आणखी एक साधे काम करावे लागते. औषध कंपन्या प्रत्येक घाण्यातल्या काही गोळ्या स्वतःच्या कपाटात राखून ठेवतात, म्हणजे पुढे तक्रार आली तर तुलना करता येते. तसेच त्याच डब्यातला, त्याच दिवशी, त्याच हाताने लावलेला रंग जमिनीवरही जपून ठेवायला हवा. तो ठेवायचा राहिला, तर तीन वर्षांनी परत आलेला तुकडा समोर असेल आणि तो मुळात कसा होता, हे कोणालाच सांगता येणार नाही.